बाभळीचं आडनाव

गेल्या मे महिन्यात गावी बांधावर उभं राहून बाभळीचा फोटो काढला आणि झाडं ओळखणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. खरं तर ओळखायला ॲपची गरज नव्हती. जोडीजोडीने आलेले पांढरे काटे, पिवळी गोंड्यासारखी फुलं, मण्यांची माळ ओवावी तशा शेंगा आणि खाली त्या शेंगांसाठी भांडणाऱ्या शेळ्या. एवढ्यावर कुणीही सांगेल. पण नवं ॲप घेतलं की माणूस आधी ओळखीच्या झाडावर त्याची परीक्षा घेतो. ॲप म्हणालं, 'व्हॅचेलिया नायलोटिका'. मला वाटलं, नापास. बारावीत मी 'अकेशिया नायलोटिका' घोकलं होतं.

आजी बांधावरच बसली होती. "काय म्हणतंय ते?"

"बाभळीचं नाव बदललंय म्हणतंय."

"कुणी बदललं?"

प्रश्न बरोबर होता. नाव आपोआप बदलत नाही, कुणीतरी बदलतं. पुढचे काही महिने मी याच एका प्रश्नापायी वनस्पतिशास्त्रज्ञांचे निबंध, प्रतिनिबंध आणि समित्यांचे ठराव वाचत बसलो. मी साहित्याचा विद्यार्थी, वनस्पतिशास्त्राचा नाही. त्यामुळे हे सगळं मी एखादा वाङ्मयीन वाद वाचावा तसंच वाचलं. कोण कशाची बाजू घेतो, कुठला शब्द पुन्हापुन्हा वापरतो आणि काय सांगायचं टाळतो, याकडे बघत. हा लेख त्या वाचनाचा.

आधी थोडं व्याकरण. झाडांची शास्त्रीय नावं आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखी असतात, आडनाव आधी आणि नाव नंतर. 'अकेशिया' हे आडनाव, 'नायलोटिका' म्हणजे नाईलकाठची, हे नाव. आडनावाच्या पातळीला जीनस म्हणतात. मराठीत त्याला कुणी प्रजाती म्हणतं, कुणी वंश, आणि वर्तमानपत्रं प्रजाती हा शब्द भलत्याच पातळीला वापरतात. म्हणून मी सरळ जीनसच म्हणतो आणि त्यातल्या एकेका सभासदाला जाती. (जात नव्हे. तरी शब्द टोचतो, ठाऊक आहे.)

'अकेशिया' हे आडनाव फार जुनं. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने इजिप्तमधल्या एका काटेरी झाडाबद्दल आणि त्याच्या औषधी रसाबद्दल लिहिताना ते वापरलं. ग्रीकमधल्या टोकदार, अणकुचीदार अशा अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं लावतात. म्हणजे हे नाव मुळातच काट्याचं. लिनिअसने १७५३ मध्ये बाभळीला 'मिमोसा' या जीनसमध्ये टाकलं होतं, लाजाळूच्या घरात. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेल्सी बागेचा प्रमुख माळी फिलिप मिलर याने 'अकेशिया' हा जीनस वेगळा मांडला. पुढे या जीनसची प्रमाण जाती म्हणून बाभूळच ठरली.

ही प्रमाण जाती, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत 'टाइप', या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. गोठ्यातलं उदाहरण घ्या. नाव म्हणजे दावं आणि टाइप म्हणजे खुंटा. जीनसचं कुंपण तुम्ही मोठं करा, लहान करा, मधोमध भिंत घाला, नाव खुंट्यापाशीच राहणार. भिंतीच्या ज्या बाजूला खुंटा, त्या बाजूला जुनं नाव. दुसऱ्या बाजूने नवं नाव शोधायचं. संख्या किती, कोण श्रीमंत, कुणाचं झाड देखणं, हे प्रश्न तिथे येऊच नयेत म्हणून हा नियम आहे. मला तो वाचताना फार आवडला होता. सत्तेपासून इतक्या लांब उभे राहिलेले नियम आपल्याला कमीच भेटतात.

कुंपण वाढत गेलं ते एकोणिसाव्या शतकात. जॉर्ज बेंथम या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये साधी अट घातली. फुलात पुंकेसर पुष्कळ हवेत आणि ते सुटे हवेत. शिरीषाच्या फुलात ते तळाशी जुळून नळी होते, म्हणून शिरीष बाहेर. बाभूळ, खैर, हिवर, शिकेकाई आत, आणि त्यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियातून येणारी शेकडो झाडंही आत. होता होता 'अकेशिया' हा सुमारे १,३५० जातींचा अवाढव्य जीनस झाला. त्यातल्या जवळजवळ ९५० एकट्या ऑस्ट्रेलियातल्या.

हे कुटुंब खरं कुटुंब नाही, याची शंका काट्यांकडे बघूनच यावी. बाभळीचे काटे पानाच्या देठाशी जोडीने येतात, सरळ सुईसारखे. खैराचे आखूड आणि वाकडे, शर्टाची बाही पकडणारे. आणि ऑस्ट्रेलियातल्या बहुतेकांना काटेच नाहीत. कित्येकांना तर आपण म्हणतो तसं पानही नाही, देठच चपटा होऊन पानाचं काम करतो. लेस्ली पेडली या क्वीन्सलँडच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये सांगितलं की हे एक घर नसून तीन आहेत. पुढच्या दीड-दोन दशकांत डीएनएच्या अभ्यासांनी त्याचं म्हणणं मुळात बरोबर ठरवलं, उलट घरं तीनपेक्षा जास्त निघाली. ऑस्ट्रेलियातल्या अकेशियांचं जवळचं नातं बाभळीशी नाहीच. ते निघालं शिरीष, पर्जन्यवृक्ष, विलायती चिंच यांच्या गोतावळ्याशी. बेंथमने दाराबाहेर ठेवलेला शिरीष आतल्यांचा भाऊबंद, आणि आत घेतलेली बाभूळ दूरची.

वाटणी करायला हवी यावर फारसा वाद उरला नाही. वाद झाला तो आडनाव कुणाला, यावर. वर्गीकरणाचं भांडण म्हणून जे सांगितलं जातं ते मुळात वारसाहक्काचं भांडण आहे.

खुंट्याचा नियम लावला तर उत्तर एका ओळीचं होतं. बाभूळ आणि तिचे सुमारे १६० सगेसोयरे 'अकेशिया' राहतील. खैर-शिकेकाईचा दोनशेहून मोठा गट 'सेनेगॅलिया' होईल. ऑस्ट्रेलियन मंडळी 'रॅकोस्पर्मा' होतील. पेडलीने नेमकं हेच सुचवलं होतं, आणि २००३ मध्ये रॅकोस्पर्मा नावाखाली शेकडो जातींची नवी मांडणीही छापली. तो स्वतः ऑस्ट्रेलियन होता, आणि नियम आपल्याच घराविरुद्ध जात असताना त्याने तो पाळला. या सगळ्या वादात मला सगळ्यात आवडलेला माणूस हाच.

त्याच २००३ मध्ये टोनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन या त्याच्याच देशबंधूंनी 'टॅक्सॉन' या नियतकालिकात उलटा प्रस्ताव मांडला. बाभळीतला खुंटा उपटून ऑस्ट्रेलियातल्या 'अकेशिया पेनिनर्विस' या झाडापाशी ठोकावा, म्हणजे आडनाव तिकडे जाईल आणि फार थोड्या जातींची नावं बदलावी लागतील. हे बेकायदा नव्हतं. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अपवादाची तरतूद आहेच. नियम काटेकोर लावल्याने मोठा गोंधळ होणार असेल तर समितीकडे अर्ज करून टाइप बदलून घेता येतो.

हा प्रस्ताव आणि २००५ मध्ये मेलिसा लकाऊ आणि इतरांनी त्याला दिलेलं उत्तर शेजारीशेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. दोन्हीकडचा लाडका शब्द एकच, स्थैर्य. नावं स्थिर राहावीत. फरक आहे तो स्थैर्य कशाने मोजायचं यात. पहिला पक्ष जाती मोजतो. ९५० विरुद्ध १६०, हिशेब संपला. दुसरा पक्ष देश मोजतो. ऑस्ट्रेलियन जाती बहुतांशी एका खंडातल्या, तर बाभळीचा गट आफ्रिका, आशिया, दोन्ही अमेरिका एवढा पसरलेला. कितीतरी देशांच्या वनस्पतिसूची, वनखात्याच्या नोंदी, हर्बेरियममधल्या चिठ्ठ्या बदलाव्या लागतील.

मला पहिला हिशेब पटत नाही, आणि त्याचं कारण वनस्पतिशास्त्रीय नाही. 'एक जाती म्हणजे एक मत' असं मोजायचं ठरवलं की जिथे जाती जास्त तो देश जिंकणार, हे मोजण्याआधीच ठरलेलं असतं. एखाद्या वाळवंटी कोपऱ्यात वाढणारं दुर्मीळ झुडूप आणि सेनेगलपासून सोलापूरपर्यंत ज्याच्या लाकडाची अवजारं झाली, ज्याच्या काड्यांनी माणसांनी दात घासले ते झाड, या रकान्यात दोघं सारखीच. मोजमाप निवडणं हाच इथे निकाल होता. आणि तो निवडताना कुणी आवाज चढवत नाही, सगळं थंड, कर्मणी प्रयोगात, आकडेवारीच्या भाषेत.

पण दुसऱ्या पक्षाचा युक्तिवादही मला पुरता गिळवत नाही. आफ्रिका-आशियाच्या लोकांचं नाव हिरावलं जातंय, असा जो सूर या बाजूने लागतो, तो ऐकून मला आजी आठवते. तिने आयुष्यात 'अकेशिया' हा शब्द ऐकलेला नाही. सुदानच्या डिंक गोळा करणाऱ्याने तरी कशाला ऐकला असेल? आमचं झाड बाभूळच आहे, कुठल्याही काँग्रेसने काहीही ठरवलं तरी. तिकडे ऑस्ट्रेलियातही सामान्य माणूस त्या झाडाला 'वॅटल' म्हणतो. सोनेरी वॅटल हे १९८८ पासून त्यांचं अधिकृत राष्ट्रीय फूल, आणि १ सप्टेंबरला त्यांचा वॅटल दिवस असतो, अकेशिया दिवस नव्हे. म्हणजे दोन्ही बाजू ज्या जनतेच्या वतीने बोलत होत्या तिला या शब्दाशी विशेष देणंघेणं नव्हतं. ज्यांना होतं ते वेगळेच. नैरोबी, खार्टूम, पुणे, कोलकाता इथले अभ्यासक, रोपवाटिकावाले, हर्बेरियम सांभाळणारे कर्मचारी. त्यांच्या कपाटांचा आणि अंदाजपत्रकाचा प्रश्न होता. तो भावनेच्या पदराआड झाकायला नको होता.

एक गोष्ट न्याय म्हणून सांगायला हवी. खुंटा बाभळीपाशीच राहिला असता तरी खैर आणि शिकेकाई यांचं आडनाव जाणारच होतं. खैराला 'सेनेगॅलिया कॅटेचू' केलं ते विज्ञानाने, मतदानाने नव्हे. मतदानाने गेली ती बाभूळ, हिवर, देवबाभूळ आणि त्यांचे भाऊबंद. हे दोन बदल एकत्र गुंडाळून 'ऑस्ट्रेलियाने आमची नावं चोरली' असं लिहिणं सोपं आहे. मीही या लेखाचा पहिला खर्डा तसाच लिहिला होता.

आता मतदान. बीज-वनस्पतींसाठी जी समिती असते तिने प्रस्ताव ९ विरुद्ध ६ मतांनी उचलून धरला. वरच्या सर्वसाधारण समितीने शिक्कामोर्तब केलं. मग जुलै २००५ मध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसच्या नामकरण विभागासमोर विषय आला. तिथे टाइप बदलण्याच्या बाजूने २०३ मतं पडली आणि विरोधात २४७. म्हणजे सभागृहातल्या जवळजवळ ५५ टक्के मतांनी नाही म्हटलं.

आणि प्रस्ताव मंजूर झाला.

कारण असं की समितीची शिफारस फेटाळायची तर ६० टक्के लागतील, असा अर्थ लावला गेला. विरोधकांचं म्हणणं उलट होतं. बदल करायला ६० टक्के लागायला हवेत, बदल रोखायला नव्हे. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा फोन खाली ठेवला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ज्याने कधी ठराव पास होताना बघितला असेल त्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल. प्रश्न कोणत्या बाजूने विचारायचा हे ज्याच्या हातात, त्याला हात वर करणाऱ्यांची संख्या फारशी अडवत नाही.

शिवाय मत द्यायला सभागृहात असावं लागतं. संस्थांनाही मतं असतात, पण ती सगळ्यांना सारखी नसतात. मोठ्या हर्बेरियमना जास्त, आणि मोठी हर्बेरियम कुठे आहेत हे सांगायला वसाहतींचा इतिहास काढायला नको. ज्या देशांत बाभूळ वाढते तिथल्या अभ्यासकाला व्हिएन्नाचं विमानभाडं आणि व्हिसा या दोन पायऱ्या आधी चढायच्या.

पुढची काँग्रेस २०११ मध्ये. तोवर बरीच शाई खर्ची पडली होती. दोन्ही गटांनी ते आडनाव सोडावं आणि 'अकेशिया' हा शब्द पोटात असलेली दोन नवी नावं घ्यावीत, अशीही तडजोड कुणी सुचवली. ती बारगळली आणि व्हिएन्नाचा निर्णय कायम झाला. ही काँग्रेस भरली होती मेलबर्नला. यावर मी काही म्हणत नाही. क्रिकेट बघणाऱ्या वाचकांना मैदानाचं महत्त्व सांगायला नको.

तरीही मला या अपवादाच्या कलमावर सरसकट राग धरता येत नाही, कारण शेवंती. काटेकोर नियमाने बागेतल्या शेवंतीचं 'क्रिसँथेमम' हे आडनाव जाऊन 'डेंड्रँथेमा' असं अवघड प्रकरण तिच्या गळ्यात पडलं होतं. मग याच पद्धतीने टाइप बदलला आणि १९९९ मध्ये शेवंती पुन्हा क्रिसँथेमम झाली. तेव्हा फुलबाजार खूश, माळी खूश. ज्या दाराने शेवंती घरी आली त्याच दाराने बाभूळ बाहेर गेली. दार वाईट आहे असं मला म्हणता येत नाही. दारावर कोण उभं होतं आणि 'नको' म्हणणाऱ्या २४७ मतांचं काय केलं, एवढंच विचारता येतं.

आणि बाभळीला नाव बदलण्याची सवयही आहे. लिनिअसची मिमोसा. मग 'अकेशिया अरॅबिका'. थिओडोर कुकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ केला त्यात ती याच नावाने आहे. मग नायलोटिका. प्रत्येक पिढीने तिचं वेगळं नाव घोकलं. माझ्या पिढीला आपलंच नाव खरं वाटतं, एवढंच.

पण या खेपेचं नाव कुणाचं आहे ते बघा. 'व्हॅचेलिया' हा जीनस १८३४ मध्ये रॉबर्ट वाइट आणि वॉकर-आर्नॉट यांनी मांडला, तोही भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात, देवबाभळीसाठी. वाइट हा मद्रासकडे असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. आणि नाव दिलं ते जॉर्ज व्हॅचेल या पाद्र्याचं. तो मकाऊमध्ये कंपनीच्या वखारीचा धर्मगुरू होता, फावल्या वेळात चीनमधल्या वनस्पती गोळा करायचा. देवबाभूळ मूळची अमेरिकेतली. म्हणजे अमेरिकेचं झाड, भारताचं पुस्तक, चीनच्या किनाऱ्यावरचा इंग्रज पाद्री, आणि त्या आडनावाखाली आता नाईलकाठची बाभूळ. ग्रीक वैद्याने काट्यावरून ठेवलेला शब्द गेला काटे नसलेल्या झाडांकडे, आणि काटेवालीला मिळालं कंपनीच्या नोकराचं आडनाव. बरं, नियमाप्रमाणे हे अचूक आहे. 'अकेशिया' गेल्यावर त्या गटासाठी हेच नाव रांगेत पुढे होतं.

मराठीने मात्र हा जीनस आपल्या पद्धतीने वाढवून ठेवला आहे. सुबाभूळ ही मेक्सिकोकडची ल्युसीना, उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी चाऱ्यासाठी जिचा गावोगाव प्रसार केला ती. वेडी बाभूळ ही प्रोसोपिस जुलिफ्लोरा, आणि तिचंही आडनाव २०२२ मध्ये बदलून 'नेल्टुमा' झालं. (दसऱ्याची शमी मात्र प्रोसोपिसच राहिली.) ऑस्ट्रेलियन बाभूळ आणखी वेगळी. चार आडनावांची झाडं, मराठीत सगळ्या बाभळी. यात वंशावळ नाही, दिसणं आणि उपयोग आहे, आणि थोडी उपरेपणाची नोंदही आहे. 'वेडी' हे विशेषण कुठल्याही संहितेत बसणार नाही, पण ज्याच्या पडीक रानात ती घुसली आहे त्याला ते अचूक वाटतं. सामाजिक वनीकरणवाल्यांनी कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला, सड्यावर लावलेलं ते विळ्यासारख्या वाकड्या पानांचं झाड म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, शास्त्रीय नाव 'अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस'. तिचं नुकतं उगवलेलं रोप मिळालं तर बघा. पहिली पानं बाभळीसारखी बारीक, पिसांसारखी असतात. मग हळूहळू देठ चपटे होत जातात आणि पिसं गळून जातात.

पावसाळ्यात सावंतवाडीच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. टपरीमागे हीच झाडं ओळीने उभी होती, खाली पानांचा जाड थर, त्यात दुसरं काही उगवलेलं नाही. मी टपरीवाल्या काकांना विचारलं, "काका, ही कुठली झाडं?"

"अकेशिया," ते म्हणाले. "वनखात्यान लावलेली."

"आणि मराठीत काय म्हणता?"

"अकेशियाच."

मी फोन काढून ॲप उघडलं. ॲपही तेच म्हणालं.